एकदाच येईन, पण पाच आठवडे राहीन

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि मी लगेच माघार घेतली असती, म्हणून लिहितेय. तिकीट काढून झालंय. विमानांमुळे पृथ्वी तापते, म्हणून यंदा तीनदा आठ-आठ दिवस नाही, एकदाच येणार, पण सलग पाच आठवडे राहणार. काम तिथूनच करीन. दिवस मोजा, वाढलेच आहेत! आल्या दिवशी बॅग उघडायच्या आधीच आई 'कधी निघणार?' विचारते, तेही टळेल.

बाबा, 'तू न आल्याने विमान उडायचं थांबणार आहे का?' असं तुम्ही म्हणणारच. नाही थांबणार. पण एक किलो इंधन जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. हवेतला ऑक्सिजन जोडला जातो ना, तुम्हीच शिकवलं होतंत. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. कमी वाटतो, पण जगातले बहुतेक लोक वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत. मी सहा वेळा बसत होते.

आणि त्या पांढऱ्या रेघा! गच्चीवर सतरंजीवर उताणं पडून आपण त्या मोजायचो. रेघ लगेच पुसली तर वरची हवा कोरडी, पसरली तर दमट, असं तुम्ही सांगायचात. अगदी बरोबर होतं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, उणे 40 अंशांच्याही खाली, इंजिनाच्या काजळीवर वाफ गोठते. हवा दमट असेल तर रेघ पसरून पातळ ढग होतो आणि जमिनीची ऊब अडवतो. दिवसा तो थोडं ऊन तरी परतवतो. रात्री नुसतं पांघरूण. विमानांमुळे आजवर झालेल्या तापमानवाढीत कार्बनपेक्षा या रेघा आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचाच वाटा मोठा धरतात, रेघांचा आकडा अजून पक्का नसला तरी. आणि मी कायम रात्रीचं विमान पकडायचे, रजा वाचावी म्हणून. यंदा दिवसाचं आहे, मध्ये न थांबणारं.

आई, रागावलीस? मध्यरात्री उठून माझ्या उघड्या पायांवर पांघरूण ओढणारी तू. त्या पाच आठवड्यांत रोज रात्री मी तुझे गुडघे चोळून देईन, नको म्हणालीस तरी.

आणि तुमच्यापैकी कुणाला बरं नसेल तर हा सगळा हिशोब रद्द. रात्रीचं, दिवसाचं, मिळेल त्या विमानाने येईन. तेव्हा 'उगाच धावत येईल' म्हणून काही लपवायचं नाही. बाबा, रक्तदाब रोज सकाळी मोजून वहीत लिहा, मी आल्यावर वही तपासणार आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा या आठवड्यात बसवून घ्या, पुढच्या नाही. आणि माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर कुणीही चढायचं नाही. मी येऊन काढीन.

तुमची,
ठमी