पॉसम जगवायचा, तर त्याचा पतंगही जगवा

माननीय पर्यावरणमंत्री,
ऑस्ट्रेलिया सरकार

सादर नमस्कार.

डोंगरी पिग्मी पॉसमचे, म्हणजे आपल्या बर्फाळ डोंगरांतल्या उंदराएवढ्या पिशवीवाल्या प्राण्याचे, नशीब त्यातल्या त्यात बरे. 1966 पर्यंत तो फक्त जीवाश्मांतून माहीत होता. त्या वर्षी माउंट हॉथमवरच्या एका स्की लॉजमध्ये जिवंत सापडला आणि सगळ्यांचा लाडका झाला. जेमतेम 45 ग्रॅमचा जीव. रस्त्यामुळे नर माद्यांपर्यंत पोचेनात, म्हणून रस्त्याखाली खास बोगदा बांधला गेला. फार चांगले झाले.

बोगाँग पतंगासाठी असे कोण हळहळणार? रंगाने मातकट, त्यात त्याची अळी कोवळी रोपे बुडाशी कुरतडते, म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी कीडच. पण हा पतंग क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्सच्या मैदानांतून निघतो आणि रात्री उडत, हजार किलोमीटरपर्यंत प्रवास करून, पूर्वी कधीही न पाहिलेल्या डोंगरातल्या गुहा बरोबर गाठतो. वाट दाखवायला पृथ्वीचे चुंबकत्व आणि आकाशातले तारे. गुहेत कौले रचावीत तसे एकमेकांवर पंख टेकून हे पतंग उन्हाळाभर निपचित बसतात. एका चौरस मीटरवर 17,000 पर्यंत! गुनाईकुर्नाई या आदिवासी लोकांच्या भूमीतल्या एका गुहेत सुमारे 2,000 वर्षांपूर्वीच्या वाटण्याच्या दगडावर या पतंगांचे अंश सापडले आहेत. माणसांनीही त्यांच्यावर पोट भरले आहे.

पॉसमचे तर भरतेच. बर्फाखालच्या लांबलचक झोपेतून तो भुकेला उठतो, तेव्हा हेच चरबीने भरलेले पतंग त्याच्या दारात आलेले असतात. 2017 पासूनच्या दुष्काळात ते जवळजवळ आलेच नाहीत. 2018 च्या वसंतात अनेक माद्यांची पिशवीतली पिल्ले दगावली. 2021 मध्ये पतंगाचेही नाव आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, धोक्यातल्या जातींमध्ये गेले.

मग दोघांचा विचार वेगवेगळा कशाला? पॉसमचे डोंगर कितीही जपले, तरी त्याचे अन्न शेकडो किलोमीटर दूरच्या शेतजमिनीत वाढते. कळकळीची विनंती आहे: पॉसमच्या संवर्धन आराखड्यात ती मैदाने, तिथली पाण्याची स्थिती आणि कीटकनाशकांचा वापर हेही धरा. आणि कॅनबेरातल्या संसद भवनाच्या दिव्यांवर वाट चुकलेले हे पतंग आजवर अनेकदा झेपावले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री ते दिवे तेवढे मालवायला सांगा.

आपला,
दोघांचाही एक हितचिंतक