फ्रान्सचा उन्हाळा 'थंडगार' म्हणून छापू नका

प्रिय संपादक,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी-मार्च आला की रविवारच्या पुरवण्यांमध्ये युरोपची पानं सुरू होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत थंडगार फ्रान्स, पॅरिस ते नीस ट्रेनने, लॅव्हेंडरची शेतं, आणि खाली टीप की जॅकेट न्यायला विसरू नका. एप्रिलमध्ये जाणाऱ्याला हे ठीक आहे, पण हल्ली नुकतीच नोकरीला लागलेली आपली मुलंमुली जून-जुलैमध्ये पाठीवर सॅक टाकून, स्वस्तातली हॉस्टेल्स बघत ट्रेनने शहरं फिरतात, मी आणि माझी मामेबहीण पण एका जूनअखेरीस असेच फिरलो, आणि तिथला उन्हाळा काय असतो हे मराठीत कुणीच नीट लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आधी आकडे सांगते. 28 जून 2019 ला दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएजवळच्या व्हेरार्ग गावात 46 डिग्री नोंदले गेले, आणि त्याच वर्षी 25 जुलैला खुद्द पॅरिसमध्ये 42.6. जुलै 2025 च्या सुरुवातीला उष्णतेमुळे आयफेल टॉवरचा सगळ्यात वरचा मजला पर्यटकांना बंद ठेवावा लागला होता. आणि 2003 च्या ऑगस्टमध्ये त्या देशात उष्णतेच्या लाटेने साधारण 15 हजार माणसं गेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप होती. लॅव्हेंडर फुलतं तेसुद्धा जूनअखेर ते जुलैमध्येच, म्हणजे पुरवणीतला फोटो बघून जो जातो तो बरोबर याच दिवसांत तिथे पोचतो.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं, आम्ही मुंबईचे, आम्हाला उन्हाची सवय आहे. मी खारघरला राहते. 16 एप्रिल 2023 ला इथल्याच मैदानात भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 जण गेले, ती सगळी इथल्या उन्हातच वाढलेली माणसं होती. सवय आहे म्हणून ऊन कुणाला सोडत नाही हे निदान नवी मुंबईत तरी कुणाला सांगावं लागू नये.

शिवाय आपली सवय कशाची आहे तर डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याची, उघड्या खिडकीची आणि कोपऱ्यावर मिळणाऱ्या सरबताची. तिथली जुनी घरं थंडीसाठी बांधलेली, सीलिंग फॅन हा प्रकार जवळजवळ नाहीच, बऱ्याच स्वस्त हॉस्टेल्सना एसी नसतो. पॅरिसमध्ये कितीतरी इमारतींची छपरं जस्ताच्या पत्र्याची आहेत आणि स्वस्तातली खोली त्या पत्र्याखालच्या शेवटच्या मजल्यावर असते, पत्र्याच्या घरात मे महिना काढलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. दिवसा कुठल्या तरी म्युझियममध्ये किंवा दगडी चर्चमध्ये बसून वेळ निघतो पण रात्री झोपच लागत नाही, आणि नीट झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी ती सॅक उचलवत नाही. लियाँमध्ये आम्ही राहिलो तिथे पंखा मागितला तर होते तेवढे आधीच वाटून झाले होते.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण काय करतो, बारा ते तीन घरात बसतो आणि चार-पाचला बाहेर पडतो. तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलेलं असतं, पॅरिसमध्ये सूर्य डोक्यावर यायला जवळजवळ दोन वाजतात आणि खरा उकाडा संध्याकाळी पाच-सहाला असतो. जूनमध्ये सूर्य मावळतो दहाच्या आसपास. म्हणजे इथल्या हिशोबाने 'ऊन उतरल्यावर निघू' म्हणणारा बरोबर सगळ्यात वाईट वेळेला दक्षिणेतल्या आव्हीन्यों शहराच्या तटबंदीबाहेर नाहीतर मार्सेय शहरातल्या स्टेशनच्या त्या 104 पायऱ्यांवर सॅक घेऊन उभा असतो. फिरायचं तर सकाळी दहा-अकराच्या आत, आणि मग रात्री नऊनंतर. दक्षिणेत हवा कोरडी असते, घाम लगेच वाळतो त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते आपल्याला कळतच नाही, आपल्याकडे निदान शर्ट भिजतो.

ट्रेनबद्दल. टीजीव्ही म्हणजे तिथली अतिवेगवान ट्रेन उत्तम आहे, एसी आहे, पॅरिस-लियाँ दोन तासांत आणि मार्सेय साडेतीन तासांच्या आत. पण खूप तापलं की रूळ प्रसरण पावतात, वरच्या तारा सैल पडतात, मग गाड्यांचा वेग कमी करतात, आणि एखाद्या डब्याचा एसी बंद पडला तर टीजीव्हीच्या खिडक्या उघडत नाहीत. पुढची गाडी पकडायला पंधरा मिनिटं ठेवलेली असतील तर विसरा, तासभर तरी ठेवा. टीजीव्हीचं स्वस्त तिकीट फार आधी काढावं लागतं आणि मग दिवस बदलणं महाग पडतं, युरेल पास (युरोपभर ट्रेनने फिरायचा पास) असला तरी टीजीव्हीचं सीट रिझर्व्हेशन वेगळं काढावं लागतं. त्यापेक्षा जवळच्या शहरांसाठी टीईआर या साध्या गाड्या बऱ्या, रिझर्व्हेशन लागत नाही, सकाळी लवकर उठून जी मिळेल ती धरायची, आव्हीन्यों ते आर्ल वीसेक मिनिटांत. आव्हीन्योंचं टीजीव्ही स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून गावातल्या स्टेशनला पाच मिनिटांची ट्रेन असते, ती घ्या, उन्हातून चालत जाऊ नका.

चांगलं तेही सांगायला हवं. पॅरिसमध्ये पिण्याच्या पाण्याचे हजाराहून जास्त सार्वजनिक नळ आहेत, काही तर 1872 पासूनचे, रिचर्ड वॉलेस नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या पैशाने शहराला दिलेले. रेस्टॉरंटमध्ये जेवणासोबत नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, तो कायदाच आहे, बाटली विकत घ्यायची गरज नाही. तिथलं हवामान खातं धोक्याचा इशारा देणारा रंगांचा नकाशा रोज काढतं, नारिंगी किंवा लाल असेल तर तो दिवस फिरायचा नाही, सरळ. उष्णतेची लाट आली की पॅरिसमधली कितीतरी उद्यानं रात्रीसुद्धा उघडी ठेवतात, गवतावर लोक चटया टाकून बसलेले असतात, आम्हीही बसलो होतो, फार बरं वाटलं होतं.

आणि जूनशिवाय सुट्टीच नसेल तर दक्षिणेचा हट्ट कशाला? पॅरिसहून रेन हे शहर ट्रेनने दीड तासावर आहे, पुढे साँ-मालो गावाचा समुद्र, वायव्येकडच्या या ब्रिटनी-नॉर्मंडी भागात हवा बरीच सौम्य असते. पण हे भाग आपल्या पुरवण्यांत दिसतच नाहीत.

माझी विनंती एवढीच की टूरचा कार्यक्रम छापाल तिथेच शेजारी त्या महिन्यात तिथे पारा कुठवर जातो, रात्री किती असतो आणि खोलीत एसी किंवा पंखा आहे का हे विचारून घ्या, एवढं छापा. व्हिसासाठी राहण्याचं बुकिंग आधी दाखवावं लागतं, त्यामुळे जूनला जाणारी मुलं मार्चमध्येच शहरं ठरवून मोकळी होतात, हे सगळं त्याआधी छापून यायला हवं, मे महिन्यात छापून उपयोग नाही.

— एक वाचक, खारघर, नवी मुंबई