गाड्यांशिवायचं स्टिल्ट

तोआ पायो, सिंगापूर

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

आपल्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटसाठी बिल्डरने केलेल्या प्रेझेंटेशनचे तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस म्हणजे बिल्डर देणार तो निधी किती, भाडं किती महिने, सगळं मोठ्या अक्षरांत आहे. चार मजले पार्किंग, वर पोडियम, पोडियमवर जिम. आपल्या आवारातलं बदामाचं झाड मात्र नकाशात शोधून सापडलं नाही. त्याच्याखालचा बाकही नाही, जिथे आई भाजीची पिशवी टेकवून जिना चढायच्या आधी दम खाते.

तुम्ही विचारलंत, तिकडे घरं कशी असतात? इथलं सरकारी गृहनिर्माण मंडळ १९६० साली निघालं आणि आज शंभरातली जवळजवळ ऐंशी माणसं त्याच्याच इमारतींत राहतात. म्हाडासारखं म्हणा, पण इथे त्यात शिक्षकही राहतात आणि बँकेतले साहेबही. मी भाड्याने राहते तो फ्लॅट अकराव्या मजल्यावर, आपल्या डोंबिवलीच्या घराएवढाच. पण मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं म्हणाल, तर तळमजला. तिथे कुणीच राहत नाही. नुसते खांब आणि सावली. आपलं स्टिल्टच, फक्त गाड्यांशिवाय. व्हॉइड डेक म्हणतात त्याला.

मागच्या महिन्यात किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं आणि दोन तास तिथेच काढले. सिमेंटच्या टेबलांवर बुद्धिबळाचे पट केलेले आहेत. एका टेबलाशी दोन आजोबा खेळत होते. एकाची कॉफी चक्क प्लास्टिकच्या पिशवीत, स्ट्रॉ खोचून काठीच्या मुठीला अडकवलेली. (इथे पार्सल कॉफी अशीच मिळते. आईला सांगू नका, गरम चहा-कॉफी प्लास्टिकमधून म्हटलं की तिची झोप उडेल.) शेजारच्या आंटी मंडईतून आल्या, काय झालं ते विचारलं आणि दोन केळी हातात ठेवून वर गेल्या. दीड वर्षात आम्ही तेवढंच बोललोय.

त्याच जागेत कधी मलाय लग्नाचा मांडव पडतो, कधी चिनी घरातलं मयत दिवसचे दिवस ठेवलेलं असतं. एकदा तीन रात्री झांजा वाजत होत्या, मी उशी कानावर घेऊन चरफडत होते. चौथ्या दिवशी तिथला फोटो पाहिला, तर लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून ठेवणारे आजोबा तेच.

लिफ्टवरून आठवलं. जुन्या इमारतींत ती काही ठरावीक मजल्यांवरच थांबायची. मग २००१ पासून सरकारने हळूहळू ती जवळपास सगळीकडे मजल्या-मजल्यावर थांबवायची सोय केली. तेव्हा रीडेव्हलपमेंटला नाही म्हणू नका, बाबा. आईचे गुडघे आता तीन जिन्यांचे राहिले नाहीत.

आणखी एक गंमत. आईवडिलांच्या घरापासून ४ किलोमीटरच्या आत कुणी मंडळाचा जुना फ्लॅट विकत घेतला, तर नियमात बसणाऱ्या कुटुंबाला सरकार २०,००० सिंगापूर डॉलर देतं. मी हिशोब केला, आपल्यात ३,९०० किलोमीटर भरतात.

सगळंच गोड नाही हं. पहाटे कोकिळा ओरडते म्हणून इथे लोक तक्रारी करतात. कोकिळेची तक्रार! आपल्याकडे असा अर्ज आला तर सेक्रेटरी काका तो फ्रेम करून लावतील.

तर रविवारच्या मीटिंगला कार्पेटवर भांडायला पुष्कळजण आहेत. तुम्ही एवढंच विचारा, की पार्किंगच्या चार मजल्यांत जमिनीवर, गाडी न लावता, किती जागा मोकळी राहणार, आणि ते उत्तर मिनिट्समध्ये लिहून घ्या. झाड वाचणार नसेल तर तसंही लिहून घ्या. अपर्णाकाकूंना बरोबर घ्या, त्या मधेच कुणाला गप्प बसू देत नाहीत.

आईला गुडघ्याचा पट्टा पाठवलाय, शुक्रवारपर्यंत पोचेल.

तुमची,
चिमी