आईच्या चपला आत बोलावणाऱ्या डॉक्टरबाईंना

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही असं वाटतं. भर पावसात डिचोलीहून म्हापशाला तुमच्याकडे आलेल्या त्या आजींचा मी मुलगा.

आईला मधुमेह जुना. तळव्याला घट्टा, त्याखाली जखम, आणि ती काही केल्या भरेना. याआधी ज्यांच्याकडे नेलं त्यांच्यापैकी एकानेही खुर्ची सोडली नाही. एकाने टेबलापलीकडून मान लांब करून मलम लिहून दिलं. दुसऱ्याने कुरुपाची पट्टी लावायला सांगितली. त्या पट्टीतलं आम्ल घट्ट्यासोबत चांगली कातडीही जाळतं आणि बधिर पायाला त्याचा पत्ता लागत नाही, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा उठून त्या गृहस्थांना जाब विचारावासा वाटला. अजून वाटतो.

आणि या सगळ्यांच्या दारावर पाटी एकच : चपला बाहेर काढाव्यात.

तुम्ही म्हणालात, "आजी, चपला घेऊनच आत या." आई अवघडली. चिखलाने माखलेल्या, मोच्याकडून शिवून शिवून चालवलेल्या त्या चपला. तुम्ही त्या खुशाल मांडीवर घेतल्यात आणि नुसत्या हाताने आतून चाचपत गेलात, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, सावकाश. एका जागी थांबलात. मग माझं बोट धरून तिथं टेकवलंत. मोच्याने मारलेल्या खिळ्याचं टोक वर आलं होतं. जखम होती त्याच जागी. त्या खिळ्यावरून आई तुळशीला पाणी घालत होती, देवळात जात होती, शुक्रवारचा बाजार करत होती.

तिला टोचत कसं नव्हतं, तेही लगेच दिसलं. नायलॉनचा बारीक दोरा तुम्ही आधी तिच्या हाताला लावून दाखवलात, मग डोळे मिटायला सांगून तळव्याला ठिकठिकाणी टेकवलात. आई शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसली आणि शेवटी म्हणाली, "लाव गो बाय, केव्हा लावतेस?" तुमचं तोवर लावून झालं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायांचे डॉक्टर, पाय कापायलाच सांगणार, अशी धास्ती घेऊन आम्ही आलो होतो. तुम्ही पायाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी बघून रक्त नीट पोचतंय म्हणालात, घट्टा पात्यानं तासलात (आईला कळलंही नाही), आणि एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला लिहून दिल्यात. घरात अनवाणी फिरायचं नाही, गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, एवढंच बजावलंत.

शिक्षण इतरांकडेही होतं, मॅडम. दुसऱ्याच्या घाणेरड्या चपलेत हात घालायला कुठली पदवी लागते कोण जाणे. असा हात घालणारी परिचारिका, बसचा कंडक्टर, पंचायतीतला कारकून कधीमधी भेटतो, म्हणून तर गरिबाचं म्हातारपण निभतं. पाटी लावणारे कायम भेटतात.

जखम भरत आली आहे. पायांखाली आरसा धरून तळवे बघायचं काम आईने नातीला लावलंय आणि शेजारपाजारच्या बायकांच्या चपलाही ती आता चाचपून बघते. गणपतीत, चवथीला नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा तुम्हाला पोचवायचा तिचा हट्ट आहे. स्वतः एकही खाणार नाही म्हणते, ते बघू. फी तुम्ही घेतलीत, तेव्हा डबा नाकारू नका.

तुमचा,
आजींचा मुलगा