पांढरी पडलेली पलटण

प्रिय विन्या,

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा माटिल्डाच्या, म्हणजे आपल्या त्या छोट्या ब्रिटिश रणगाड्यांच्या, पट्ट्या रंगवत होतो. म्हटलं, एवढ्या झाल्या की बसू लिहायला. पट्ट्या होऊन दोन वर्षं झाली. तब्येत ठीक. चष्म्याचा नंबर वाढलाय, कपाळाला भिंग बांधून रंगवतो. बाकी काही नाही.

आता बस खाली. तुझे बारा मराठे, आपल्या लढायांच्या खेळातले तू रंगवलेले धातूचे छोटे शिपाई, माझ्याकडे आहेत.

हो, तेच. घर बदलताना हरवले असं तू धरून चाललास आणि मी तुला धरू दिलं. एका खेळापुरते नेले होते, दुसऱ्या खेळाला लागले, मग परत द्यायची लाज वाटायला लागली. आठ वर्षं, खेळ नसेल तेव्हा, बुटाच्या खोक्यात कापसात झोपलेत. निदान झोपले होते, परवापर्यंत.

परवा माझे तीस पुरे झाले. तुझे बारा धरून बेचाळीस, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लिबियातल्या तोब्रुकच्या लढाईत आग्नेय कोपऱ्यासाठी पाचव्या मराठाच्या दुसऱ्या पलटणीचा एक तुकडा तरी नीट उभा राहतो. पण तुझे इनॅमल रंगाचे, चकाकणारे. माझे ॲक्रिलिक रंगाचे, आधीच मऊ. शेजारी ठेवले की लगेच कळायचं कुणाचे कुठले. म्हटलं सगळ्यांवर एकदाच मॅट व्हार्निशचा, म्हणजे चकाकी मारणारा, फवारा मारू. बाहेर पावसाची झड होती. खिडकी उघडली, डबा हलवला (किती हलवला ते विचारू नकोस) आणि मारला.

दहा मिनिटांत सगळी पलटण पांढरी. आंघोळ घालून पावडर थापलेली तान्ही पोरं दिसतात ना, तशी! हाफ पँटी पांढऱ्या, हेल्मेटं पांढरी, ब्रेनगन पांढरी. दमट हवेत फवारा मारू नये, द्रावक उडताना गारवा येतो आणि त्यावर हवेतली ओल बसते, हे मीच बाप्याला तीनदा समजावलंय. डबा नीट हलवला नाही तर मॅटची भुकटी तळाशी राहते आणि मग गोळ्यांनी बाहेर येते, हेही मीच. बाप्याला अजून कळवलेलं नाही. तूही कळवू नकोस.

माझे तीस बऱ्यापैकी वाचले. ब्रशनं ग्लॉस, म्हणजे चकाकत्या, व्हार्निशचा हात दिला की पांढरेपणा विरतो, खालचा रंग वर येतो, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. चड्ड्यांच्या चुण्यांत थोडं राहिलंय, ते धूळ म्हणून खपेल. पण तुझ्या बारांवर जिथे इनॅमल जाड होतं तिथे फवाऱ्यानं सुरकुत्या आल्यात. ग्लॉस दिला तर त्या सुरकुत्या कायमच्या पक्क्या होतील. हवालदाराची डावी बाही तर वाळलेल्या पानासारखी झालीय.

रस्ता सरळ आहे, मला दिसतो. धातूचे आहेत, रंग उतरवला तर अंगाला काही होत नाही. द्रावणात बुडवायचे, जुन्या दातांच्या ब्रशनं घासायचे, अस्तर देऊन पुन्हा रंगवायचे. पंधरा दिवसांचं काम. पण मग डोळे जातील. आठवतं ना, बाराच्या बारा जण डावीकडे बघतात? तुला उजवीकडची नजर काढता यायची नाही आणि तू म्हणायचास की शत्रू तिकडूनच येणार आहे. तुझ्या त्या डोळ्यांसाठी मी आठ वर्षं हल्ला टेबलाच्या डाव्या बाजूनंच आणतोय. आग्नेय दिशा डावीकडे यावी म्हणून मैदानसुद्धा फिरवून बांधलंय, लेका!

मैदान बघायला तरी ये. सहा बाय चार फूट. पहिल्या फोमवर मी सरळ स्प्रेचा प्रायमर मारला आणि तो विरघळून खड्डे पडले. बाप्या म्हणाला, वा, स्टुकांचं, त्या जर्मन बॉम्बफेकी विमानांचं, काम परभारे झालं. दुसऱ्यावर आधी गोंद आणि वाळूचा थर दिला, मग रंग. गडद तपकिरी खाली, त्यावर ड्रायब्रशचे, जवळजवळ कोरड्या ब्रशचे, तीन हात, शेवटचा जवळजवळ हाडाच्या रंगाचा. कड्यांना बुचाची साल फोडून लावलीय. वाळूच्या लाटा नाहीत म्हणजे नाहीत. तू त्या भांडणात पिवळी टेकडी फेकून मारली होतीस तरी सांगतो, तिथे चुनखडीचा दगड आहे, वर धुळीचा थर आणि काटेरी झुडपं. वाळूचा समुद्र पार खाली दक्षिणेला.

रणगाड्यांना अडवायचा खंदक आठवडाभर कोरला, कडा अशा धारदार की बोट कापावं. मग वाचलं की जून १९४२ पर्यंत तो बऱ्याच ठिकाणी वाळूनं भरून गेला होता, आणि सुरुंगही पुष्कळसे काढून पश्चिमेकडच्या गझालाच्या ब्रिटिश बचावफळीला नेलेले. झालं. स्वतःच्या हातानं चमच्या-चमच्यानं बुजवला. २० जूनच्या पहाटे आधी जर्मन विमानं आली, मग त्या बुजलेल्या खंदकावरून रणगाडे. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, ३३,००० च्या आसपास माणसं कैद. आपल्या टेबलावर मराठे एकदाच टिकले होते, तू फाशांवर सलग चार वेळा सहा टाकलेस तेव्हा. नाचताना दिवा फोडलास. त्या खेळातला हवालदार हाच, सुरकुतलेल्या बाहीचा.

काल रात्री ते बारा जण तसेच पांढरे उचलून खंदकाच्या काठावर ठेवले. दिवा खाली घेतला. खरं सांगू? शोभतात. नुकताच बॉम्बहल्ला संपलाय, अंगावर धूळ बसलीय, सुरकुतलेली बाही खरचटल्यासारखी वाटते, आणि बाराही जण डावीकडे बघतायत. मग वाटलं, हा माझा आळस बोलतोय. किंवा भीती. सकाळी उजेडात पाहिलं तर नुसतं वाया गेलेलं व्हार्निश. दुपारी पुन्हा शोभले. मला ठरवता येत नाही आणि माझे असते तर मी विचारलंही नसतं.

वहिनींचं ऑपरेशन झालं हे बाप्याकडून कळलं, आता बऱ्या असतील. थोरलीला नोकरी लागली म्हणे, तिला शाबासकी सांग. तू हात पुन्हा ब्रशला लावलास की नाही तेही लिही.

तर कळव. उतरवू, ग्लॉस देऊ, की तसेच पाठवू? तसेच हवे असतील तर कापसात गुंडाळून धाडतो, हवालदार वेगळ्या डबीत. तोवर हात लावत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत मैदानही तसंच मांडून ठेवलंय.

तुझाच,
दिग्या

ता. क. माटिल्डावरच्या त्या तिरक्या पट्ट्यांपैकी एक निळी, हे तुझं म्हणणं मी अजूनही मान्य केलेलं नाही. हिरवट करडीच. शिवाय १९४२ पर्यंत ती रंगसंगती बंद झाली होती, म्हणजे आपण दोन वर्षं भांडलो ते या लढाईत कुठेच लागत नाही. माझ्या माटिल्डा आता, त्या पट्ट्यांवरून हात फिरवून, सरळ फिक्या दगडी रंगाच्या आहेत.