स्कोकीतला न निघालेला मोर्चा

स्कोकी, इलिनॉय

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तिकडे भर चौकात झेंडा जाळला तरी पोलीस धरत नाहीत म्हणे, मग त्या देशात कायदा आहे की नाही? मी "आहे, बाबा" म्हणाले आणि तेवढ्यात आईने फोन घेतला. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला एवढ्या उत्तरावर कसं ठेवायचं, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

आधी झेंड्याचं सांगते. १९८४ साली डॅलसमध्ये निदर्शनं करताना ग्रेगरी जॉन्सन नावाच्या तरुणाने राष्ट्रध्वज जाळला. टेक्सासच्या कोर्टाने त्याला एक वर्षाची कैद दिली. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की, लोकांना कितीही चीड आली तरी हे मत व्यक्त करणंच आहे, त्याला शिक्षा देता येणार नाही. त्या पाचांमध्ये स्कॅलियांसारखे परंपरावादी न्यायमूर्तीही होते. १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती सांगते की, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, भाषणस्वातंत्र्य आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य कमी करणारा कायदा करू नये. आपल्या १९व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे तशी निर्बंधांची यादी तिथे नाही. मर्यादा आखल्या त्या न्यायालयांनी, एकेक खटला लढवला गेला तसतशा, आणि सगळा वाद आहे तो त्या कुठे आखायच्या याचा.

मी राहते त्या गावातच या वादातलं एक मोठं प्रकरण घडलंय. स्कोकी हे शिकागोच्या उत्तरेला लागून आहे. १९७७ साली इथली जवळपास निम्मी वस्ती ज्यूंची होती आणि त्यांच्यात हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेली माणसं हजारोंनी होती. नेमक्या याच गावात गणवेश घालून, स्वस्तिकाची चिन्हं मिरवत मोर्चा काढायचा, असं फ्रँक कॉलिन नावाच्या माणसाच्या छोट्याशा नाझी पक्षाने जाहीर केलं. गावाने घाईने नियम केले: मोर्चासाठी साडेतीन लाख डॉलरचा विमा हवा, लष्करी थाटाचे गणवेश चालणार नाहीत, द्वेष पसरवणारी पत्रकं वाटायची नाहीत. कॉलिन कोर्टात गेला. त्याचं वकीलपत्र घेतलं ते नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेने. बाजू मांडणारे वकील डेव्हिड गोल्डबर्गर स्वतः ज्यू. संघटनेचे प्रमुख आर्ये नायर बर्लिनमध्ये जन्मलेले, लहानपणीच आईवडिलांबरोबर जर्मनीतून निसटलेले. हजारो सभासद संघटना सोडून गेले, तरी या दोघांनी खटला सोडला नाही. आज गावाला नाझींचा मोर्चा अडवू दिला, तर उद्या दक्षिणेतलं एखादं गाव याच नियमांनी काळ्यांचा मोर्चा अडवेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९७८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाने स्वस्तिकावर घातलेली बंदी उठवली आणि फेडरल अपील कोर्टाने गावाचे नियम रद्द केले. कॉलिन जिंकला, पण स्कोकीत मोर्चा निघाला नाही. त्याने शिकागोत सभा घेतल्या आणि त्यातल्या एका सभेत त्याच्या मूठभर माणसांसमोर विरोधकांचीच गर्दी जमली. इथल्या वाचलेल्या माणसांनी मात्र ठरवलं की आता गप्प राहायचं नाही. १९८१ मध्ये त्यांनी एक प्रतिष्ठान काढलं, शाळाशाळांत जाऊन आपल्यावर काय गुदरलं ते सांगू लागले, आणि २००९ मध्ये त्यातून एक मोठं संग्रहालय उभं राहिलं. तुम्ही आलात की मी तुम्हाला आधी तिथेच नेणार आहे.

बाबा, हे सगळं वाचून मी कोर्टाच्या बाजूची झाले आहे, आणि त्याचं कारण स्कोकीपेक्षा जुनं आहे. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध बोलणाऱ्यांना या देशाने तुरुंगात टाकलं. युजीन डेब्स हे समाजवादी पुढारी. १९१८ मध्ये ओहायोत केलेल्या एका भाषणासाठी त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांवर मतं मिळवली! मर्यादा आखायची सत्ता सरकारच्या हाती सैल सोडली की ती आधी कोणावर चालते, ते यात दिसतं. पुढे १९६९ मध्ये, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या ब्रँडेनबर्ग नावाच्या पुढाऱ्याच्या खटल्यात, न्यायालयाने आजची कसोटी घालून दिली. बोलणं तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्याच हेतूने असेल आणि ते घडण्याची खरोखर शक्यता असेल, तरच चिथावणी म्हणून शिक्षा.

यात एक धागा आपल्याकडचाही आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांना याच आक्षेपाला उत्तर द्यावं लागलं होतं: मूलभूत हक्कांना इतके अपवाद कशाला, अमेरिकेत तर ते अनिर्बंध आहेत. त्यांनी १९२५ च्या गिटलो खटल्याच्या निकालातला उताराच वाचून दाखवला (क्रांतीचा जाहीरनामा छापणाऱ्याची शिक्षा त्यात कायम झाली होती) आणि सांगितलं की, तिथेही हक्क अनिर्बंध नाहीत; आपण जे सरळ लिहितो ते तिथे न्यायालय आडवळणाने करतं. त्या वेळी ते शब्दशः खरं होतं. त्यानंतर दोन्ही देशांच्या वाटा फुटल्या. १९५१ मध्ये, बाबासाहेब कायदामंत्री असतानाच, आपण सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी कारणं घटनेत वाढवली आणि त्याबरोबर निर्बंध "वाजवी" असावेत अशी अटही घातली. अमेरिकेने अठरा वर्षांनी, त्या ब्रँडेनबर्ग खटल्यात, नेमकी उलट दिशा धरली.

पण एका बाबतीत मला आपला कायदा जास्त शहाणा वाटतो. १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा चारचौघांत दलित माणसाचा जातीवरून केलेला अपमान हा गुन्हा मानतो. अमेरिकेत वंशावरून कोणाला भर रस्त्यात शिवी दिली, तर धमकी किंवा मारामारीची वेळ आल्याशिवाय सहसा गुन्हा होत नाही. स्वातंत्र्याची किंमत सगळे मिळून भरतात असं इथले लोक म्हणतात, पण स्कोकीत ती छावणीतून वाचलेल्या म्हाताऱ्यांनी भरली. सत्ताधाऱ्यावर टीका आणि पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या माणसाचा अपमान, या दोन्हींना एकाच मापाने मोजू नये असं मला मनापासून वाटतं. इथल्या कायद्याच्या अभ्यासकांतही असं मानणारे आहेत, पण न्यायालयात त्यांचं म्हणणं टिकलेलं नाही.

२०१७ मध्ये शार्लट्सव्हिलला गोरे वर्चस्ववादी जमले, तेव्हाही सभेच्या जागेसाठी त्याच सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या व्हर्जिनिया शाखेने खटला लढवला होता. काही जण उघड बंदुका घेऊन आले, आणि एकाने विरोधकांच्या गर्दीत गाडी घालून एका तरुणीचा जीव घेतला. त्यानंतर, शस्त्रं घेऊन मोर्चा काढणाऱ्यांचं वकीलपत्र घेणार नाही, असं युनियनने जाहीर केलं. समोर बंदूक दिसत असताना कोण मोकळेपणाने बोलेल? भाषणाचा हक्क आणि शस्त्राचा हक्क असे एकमेकांवर आदळतात, याचा विचार इथे फार उशिरा सुरू झाला.

आणि माझं म्हणाल, तर मी व्हिसावर आहे. परदेशी रहिवाशांनाही भाषणस्वातंत्र्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्ये म्हटलं, पण १९५२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या सदस्यत्वावरून हद्दपारीही मान्य केली. २०२५ च्या मार्चमध्ये पीएचडी करणाऱ्या एका परदेशी विद्यार्थिनीला रस्त्यात गाठून ताब्यात घेतलं. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात तिने इतरांबरोबर एक लेख लिहिला होता. न्यायाधीशाने मे महिन्यात तिला सोडलं. तेव्हापासून आमच्या ओळखीतले व्हिसावाले लोक मोर्च्याच्या फुटपाथवरही उभे राहत नाहीत. मला याचा राग येतो.

बाबासाहेबांचं ते भाषण शासनाने छापलेल्या खंडांत आहे, वाचनालयात मिळेल. ते पुन्हा वाचा आणि मला लिहा: १९५१ ची दुरुस्ती तुम्ही वर्गात कशी समजावून सांगायचात? आणि ॲट्रॉसिटीबद्दल माझं म्हणणं पटत नसेल तर तेही स्पष्ट लिहा. आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला की मला फोटो पाठवा.

तुमची,
मनू