बेसची घुरघुर ऐकून घेणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल, दुकानात कुणाच्या मिक्सरची मोटर गरगरत नसेल तेव्हा. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहू नकोस, आधीच तीन मिक्सर आणि दोन पंखे अंगावर आहेत, त्यात गिटारवाले नकोत, असं तुम्ही बजावलंय. म्हणून जांभळी नाक्याच्या आसपास एवढंच लिहिते. पण आमच्या लाइनमधले चारजण रोज विचारतात, तुझा बेस एवढा गप्प कसा झाला? एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांसमोर एकदाच लिहून टाकते.

मी कळव्याची. सात वर्षं ऑर्केस्ट्रात बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवते. आमचं काम म्हणजे हळदी, साखरपुडे, भाद्रपदात मंडळांचे कार्यक्रम. ऐरोली, रबाळे, घणसोली, इकडे दिवा, मुंब्रा. बेस माझा सेकंडहँड, जॅझ बेस नावाच्या मॉडेलच्या धर्तीचा, म्हणजे दोन पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं आणि वेटोळी), दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. बेसवाल्याकडे कुणाचं लक्ष नसतं म्हणतात. माझ्याकडे असायचं, कारण माझा बेस मी वाजवत नसतानाही ऐकू यायचा. साउंडवाला लांबून हात करायचा, 'ताई, हमिंग येतंय!' दोन गाण्यांच्या मधे निवेदक बोलायला लागला की मागे माझी घुरघुर. गंमत अशी की आपली वीज 50 हर्ट्झची, आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या पट्टीला, जो जी सूर लागतो तो 49चा. म्हणजे जीमधलं गाणं आलं की माझ्या मागे कुणीतरी किंचित चढा सूर धरून बसलंय असं वाटायचं. आमची गायिका एकदा वैतागून म्हणाली, तुझा तानपुरा बंद कर.

तुमच्याकडे येण्याआधी मी एका मोठ्या दुकानात गेले होते. त्यांनी बेस न उघडता सांगितलं की दोन्ही पिकअप गेले, नवे घाला, आणि घालताच आहात तर आत बॅटरीवरचा प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारं छोटं सर्किट, तेही बसवून घ्या, हल्ली सगळे तेच करतात. साडेनऊ हजार. मी पैसे जमवायला घेतले होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे आले ते खरं तर आईचा रेडिओ घेऊन. बेसची बॅग पाठीवर होती, कारण तिथूनच तालमीला जायचं होतं.

तुम्ही रेडिओ बाजूला ठेवलात आणि बॅगेकडे बघून विचारलंत, 'हे काय, सतार?' मग काउंटरवरच्या छोट्या अँपला बेस लावायला सांगितलात. घुरघुर सुरू झाली. तुम्ही स्क्रूड्रायव्हरला हातही लावला नाहीत. एकच प्रश्न विचारलात: 'तारेला हात लावलास की आवाज कमी होतो का?'

मी लावून बघितला. कमी नाही, जास्त नाही.

'मग घोडीची अर्थ तुटली असणार.'

घोडी! तारा जिथे टेकतात त्याला आम्ही ब्रिज म्हणतो. तुम्ही पॉटला, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या फिरवायच्या भागाला, कंट्रोल म्हणता, कपॅसिटरला कंडेन्सर, आणि तासाभराने मीही तेच म्हणायला लागले होते. मल्टिमीटरची एक काडी जॅकच्या बाहेरच्या धातूला लावलीत, दुसरी घोडीला. पीप आला नाही. मागाहून घोडीचे पाच स्क्रू काढले तेव्हा दिसलं: लाकडातल्या बारीक भोकातून एक वायर वर येते, तिचं सोललेलं टोक घोडीखाली नुसतं दाबलेलं असतं. घाम आणि आपल्याकडची दमट हवा. टोक हिरवं पडून कधीच गळून गेलं होतं. एवढ्यासाठी साडेनऊ हजार, असं मी म्हणाले, तर तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्याच्या दुकानाबद्दल तुम्ही बोलत नाही, हे मला नंतर कळलं. मी मात्र बोलते, म्हणून नाव न घेता बोलतेय.

नवी वायर कंट्रोलच्या पाठीवर जोडायची होती. तुमच्या छोट्या सोल्डर गनने ती पाठ तापेना, तेव्हा 60 वॉटची जाडी गन काढलीत, ब्लेडने पाठ खरवडून लख्ख केलीत आणि गन माझ्या हातात दिलीत. मी कथील वितळवून वरून थेंब सोडायला गेले. 'अगं, मेणबत्ती नाही ती. जागा तापव, कथील आपण होऊन पळेल.' आणि खरंच पळालं, पाण्यासारखं चकाकत पसरलं. माझा आधीचा थेंब मळकट मण्यासारखा बसला होता, तो नखाने उचकटून दाखवलात: ड्राय सोल्डर, आज वाजेल, पंधरा दिवसांनी खरखरेल.

वायर जोडली, तारेला हात लावला, घुरघुर गेली. मी नाचायचीच बाकी होते. एक व्हॉल्यूम थोडा कमी केला, तर थोडीशी परत आली. माझा चेहरा उतरला. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी तालमीच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवलंय: 'गेला तो रोग. हा स्वभाव.'

मग इअरफोनमधलं इवलंसं चुंबक दोऱ्याला बांधून दोन्ही पिकअपवर धरलंत. एकाने ओढून घेतलं, दुसऱ्याने ढकललं. म्हणजे दोघांची चुंबकं उलटी, आणि वेटोळीही उलटी. विजेची घुरघुर फक्त वेटोळ्यात शिरते, म्हणून ती एकात सुलटी आणि एकात उलटी येते, दोघं समान असली की एकमेकांना खाऊन टाकतात. तारेचा आवाज मात्र चुंबक आणि वेटोळं दोन्हींतून येतो, दोनदा उलटतो, म्हणून सुलटाच राहतो. 'वजा गुणिले वजा,' तुम्ही म्हणालात. सात वर्षं मी हे वाद्य वाजवतेय आणि दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की ते शांत का होतं, हे मला मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाने चुंबक लोंबकळवून सांगितलं.

जॅझ बेस 1960 सालचा. त्याच्या आधीचा प्रिसिजन बेस 1951चा, आणि 1957मध्ये त्याच्या पिकअपचे दोन तुकडे केले तेही याच युक्तीने घुरघुर मारतात. हे दोन्ही बेस ज्याच्या कारखान्यातले, तो लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. 1938मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला त्याने रेडिओचं दुकान टाकलं, आणि गिटार वाजवायला तो कधीच शिकला नाही. हे मी मोठ्या कौतुकाने तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, 'मग लोक त्याच्याकडेही रेडिओ टाकून सहा महिने न्यायला यायचे नाहीत का?' काका, आईचा रेडिओ मी गेल्या आठवड्यात नेला, कृपया नोंद घ्यावी.

प्रीअँपचं भूत माझ्या डोक्यातून तुम्ही काढलंत असं नाही म्हणणार. बॅटरीवरचे बेस वाईट नसतात. 1976च्या स्टिंगरे नावाच्या बेसपासून लोक ते हौसेने वाजवतायत, आणि अंगठ्याने स्लॅप मारणाऱ्यांना त्या धारदार आवाजाशिवाय चैन पडत नाही. तुम्ही फक्त विचारलंत, बॅटरी कधी बंद होते? मला माहीत नव्हतं. बेसमध्ये प्लग आत गेला की चालू, बाहेर काढला की बंद. आणि मी जेवायला जाताना प्लग काढते का? कधीच नाही. घणसोलीला रात्री साडेनऊ वाजता, दहाला स्पीकर बंद करायची घाई असताना, 9 व्होल्टची बॅटरी शोधत मला हिंडायचं नाही. माझ्यापुरता विषय संपला.

पण आवाज मनासारखा नव्हता, ही तक्रार होतीच. त्यावर तुम्ही खणातून तीन कंडेन्सर काढलेत आणि चिमट्याच्या वायरीने टोनच्या कंट्रोलला एकेक लावत गेलात. कंडेन्सर म्हणजे बारीक आवाजाला अर्थकडे जायची वाट, मोठा कंडेन्सर तर मोठी वाट, एवढंच सांगितलंत. मला भिंतीकडे तोंड करून वाजवायला लावलंत. 0.1 मायक्रोफॅरडचा लावला की टोन बंद केल्यावर गोधडीखालून आवाज आल्यासारखा. 0.022चा मला पातळ वाटला. अर्धा तास हुज्जत घालून मी मधला निवडला. तुम्ही म्हणालात, '0.047. तुझ्या बेसमध्ये आधीपासून हाच आहे,' आणि न हसता चिमटे आवरायला लागलात. मी मात्र ट्रेनमध्ये कळव्यापर्यंत हसत होते. एकच तर स्टेशन.

खरा फरक पडला तो स्पंजाने. आमच्याकडे खालच्या आवाजात गर्दी फार: ढोलकीची डावी बाजू, ऑक्टोपॅडचा किक, कीबोर्डवाल्याचा डावा हात. त्यात बेसचा सूर लांबत राहिला की सगळा चिखल. जेम्स जेमरसन म्हणून अमेरिकेत एक बेसवाला होऊन गेला, मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर वाजवायचा. 1962चा प्रिसिजन, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, घोडीवरच्या झाकणाखाली फोम, आणि उजव्या हाताचं एकच बोट. हे मी बोलता बोलता सांगितलं, आणि तुम्ही रेडिओच्या खोक्यातला स्पंज कापून घोडीजवळ तारांखाली सरकवलात. ठप्. ठप्. आमच्या ढोलकीवाल्याने पहिल्याच तालमीला मान वर करून माझ्याकडे बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

नेकला, म्हणजे बेसच्या मानेला आणि तिच्या आतल्या सळीला, मात्र तुम्ही हात लावला नाहीत. 'लाकडातलं मला कळत नाही, ती सळी मी फिरवणार नाही.' मग ते मी शिकले. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला तार दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघायची, साधारण 0.3 मिलिमीटर. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. पावसाळ्यात फट वाढली की अ‍ॅलन कीने सळीला पाव फेरा, मग रात्रभर थांबायचं. मोजायला तुमच्याच दुकानाचं कार्ड वापरते. एक कोपरा आता काळा झालाय.

सत्तर रुपये घेतलेत. वरून एक लाइन टेस्टर बॅगेत टाकलात आणि दटावलंत: घोडीला अर्थ जोडली, म्हणजे आता तारा आणि अँपची बॉडी एक झाली. मंडपात जनरेटरवर अर्थिंग नसलं, तर हात तारेवर आणि ओठ माइकवर, आणि मधे तू. कोरसला उभी राहायच्या आधी माइकच्या जाळीला टेस्टर लाव. गेल्या रविवारी घणसोलीला लावला. दिवा पेटला. इलेक्ट्रिशियनने शोधलं तर एक्स्टेंशनच्या प्लगची तिसरी पिन कुणीतरी कापून टाकली होती, सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून. प्लग बदलेपर्यंत वीस मिनिटं कार्यक्रम थांबला, नवऱ्यामुलाचे मामा माझ्यावर ओरडले. गायिका काही बोलली नाही, पण परतीच्या गाडीत टेस्टर कुठे मिळतो ते तिने विचारलं.

शुक्रवारी येते. ढोलकीवाल्याचा माइक पडलाय, तो घेऊन. मिक्सरच्या रांगेत उभी राहीन.

तुमची,
कळव्याची बेसवाली

ता. क. स्पंज झिजलाय. त्याच खोक्यातला अजून एक तुकडा असेल तर ठेवा.